गार गाडीतला दिवा

१

फरेदूनशेठच्या मोटारीत कुणीतरी करणी केली, ही बातमी सकाळी आठला बंगल्याच्या आवाराबाहेर पडली आणि साडेआठला लीलाबाई केदारींच्या ओट्यावर येऊन धापा टाकत बसली. ती घेऊन आली होती चिमाबाई, शेठच्या बंगल्यावरची स्वयंपाकीण.

"चला बाई, शेठनी बलावलंय. मोटारीत पीठ हाय, तेल हाय, गालिचा जळालाय. आलूबाईंनी चहाचा घोट घेतलेला न्हाई. मी तर लांबूनच बघितलं, हात बी लावला न्हाई."

"हात न लावता पीठ आहे हे कसं कळलं?"

"जरासा लावला," चिमाबाई म्हणाली.

लीलाबाई सत्तावीस वर्षं दवाखान्यात नर्स होत्या. नोकरी सुटली तरी लोणावळ्याच्या लोकांनी त्यांना सोडलं नव्हतं. कुणाची पाटली हरवली, कुणाचा कागद नाहीसा झाला, की माणसं आधी त्यांच्याकडे येत. पोलिसांकडे गेलं की बोभाटा होतो. लीलाबाईंकडे गेलं की चहा मिळतो आणि बोलणं तिथंच राहतं. त्यांनी चपला घातल्या आणि निघाल्या.

गाडी गॅरेजात उभी होती. एका संस्थानिकाच्या लिलावात शेठनी घेतलेली, छत्तीस सालची, काळी, लांबच लांब. ड्रायव्हर आणि मालक यांच्यामध्ये सरकती काच. राजेसाहेबांना ड्रायव्हरनं ऐकू नये अशा पुष्कळ गोष्टी बोलायच्या असाव्यात. आता सन चौसष्टच्या मे महिन्यात त्याच काचेमागे शेठच्या बायकोला, आलूबाईंना, बसायचं होतं. त्यांना दम्याचा त्रास. घाटातल्या धुळीनं जीव घुसमटायचा म्हणून काचा बंद ठेवायच्या, तर आत भट्टी व्हायची. शेवटी शेठनी मुंबईहून एअरकंडिशनचं सामान मागवलं आणि जुन्या गाडीत ते बसवायचं काम बाजारातल्या दत्तोबाला दिलं. दीड महिना खपून त्यानं ते बसवलं. उद्या सकाळी सातला आलूबाई डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी या गार गाडीतून मुंबईला निघणार होत्या.

"बघ, सिस्टर," फरेदूनशेठनी मागचं दार उघडलं. "माझा बायको बोलते की आता या गाडीत बसला तर ती मरणार. गॅरेजचा चावी तीन जणांकडे. चिमाबाई, दत्तोबा, आणि माझा ड्रायव्हर हनुमंता. संध्याकाळपर्यंत मला एक नाव पायजे. नाय तर तिघांना पण घरी पाठवणार. तीस वरसात असा मी कधी बोलला नाय."

लीलाबाई वाकल्या. मागच्या सीटच्या पायाशी, निळ्या गालिच्यावर, रुपयाएवढा जळका डाग होता. त्याच्याभोवती तेल मुरलेलं. आणि तेलाभोवती पिठाचा गोल, दुरडीच्या काठानं आखावा तसा. शेठना त्यात मंत्रतंत्र दिसत होतं. लीलाबाईंना दिसलं ते वेगळंच. पीठ उधळलेलं नव्हतं. कुणीतरी तळहातानं ते सपाट केलं होतं, लेकराच्या अंगाला पावडर लावावी तसं.

काजळी डागाच्या एकाच बाजूला धरली होती. त्यांनी गॅरेजच्या दाराकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं, मनाशी दिशा लावली.

दक्षिण.

"संध्याकाळी सांगते," त्या म्हणाल्या.

२

चिमाबाईला त्यांनी स्वयंपाकघरातच गाठलं.

"पीठ तुझ्या डब्यातलं?"

"माझं? बाई, आमी लोहगडवाडीची मानसं. आमची भाकर तांदळाची. शेठकडं मैदा नि गहू. ते गाडीतलं करडं हाय, बाजरीचं. बाजरी खानारं हितं कोन हाय ते तुमीच बघा." तिनं कांदा चिरता चिरता आवाज खाली आणला. "मला इचाराल तर त्या दत्तोबानंच गाडी बाटवली. राजाची गाडी, तिला तळातनं भोकं पाडली. आन हनुमंताचं बी काय कळंना. बायको जाऊन चौथ्या दिशी कामावर हजर. शेठ पारशी, त्यांना सुतक न्हाई. म्हनून काय ह्याला बी न्हाई?"

हनुमंताची बायको हिरा गेल्या मंगळवारी तापानं गेली होती, तिच्या माहेरी सुदुंबऱ्याला. हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. बावीस वर्षांची पोर. लीलाबाईंनी लग्नात तिच्या ओटीत नारळ घातला होता.

दत्तोबा गॅरेजामागे फडक्यानं हात पुशीत बसला होता. वीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात काढलेला माणूस. शाळा चौथी, पण यंत्राला कान लावला की त्याचं दुखणं सांगायचा. त्याला कामाबद्दल विचारलं की तो पाहुण्याला घर दाखवावं तसं दाखवायचा.

"हे बघा. इंजनावर पट्टा, पट्ट्यावर ह्यो कॉम्प्रेसर. गार करनारं जाळं मागं डिकीत. तितनं पंखा हवा वढतो आन सीटमागच्या जाळीतनं आत सोडतो. इंजन चालू तवर गार. इंजन बंद, गार बंद."

"आणि भोकं?"

"नळ्या न्यायला नकोत व्हय? डिकीच्या तळाला दोन पाडली. रबरी चकत्या मुंबईवरनं यायच्यात, तवर जरा फट ऱ्हाती. धूळ येती थोडी." मग तो थोडा घुटमळला. "एक सांगू? मंगळवारी ट्रायलला हनुमंत गेलता. मी म्हनलं, कामशेतला जाऊन ये, वीस मैल. सगळ्या काचा घट्ट लाव, मधली बी लाव, तवाच मागं गार हुतंय का ते कळंल. तर गडी दिवेलागनीला आला. म्हनं गाडी बंद पडली. आन मिटर बघितला तर सत्तर मैल. मी शेठला न्हाई बोललो. त्याच दिशी त्याची बायको गेली, कसं बोलनार?"

हनुमंत फाटकाशी, बंगल्याच्या सावलीत उभा होता. टोपी हातात, नजर मातीत. लीलाबाईंनी जे जे विचारलं त्याला एकच उत्तर.

"मला ठावं न्हाई, मावशी."

त्या वळल्या, तेव्हा मागून त्याचा आवाज आला.

"मावशी, त्यो गालिचा बदलनार हायेत व्हय? कवा?"

करणी करणाऱ्याला पकडले जाण्याची भीती असते. गालिचा कधी बदलणार याची नसते. लीलाबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

३

दिवेलागणीला हनुमंत गॅरेजात आला. एका हातात पणती, दुसऱ्यात पिठाची पुरचुंडी, काखेत दुरडी. मागचं दार उघडलं तर आत लीलाबाई बसलेल्या.

"ये," त्या सरकल्या. "आज सातवा ना रे?"

तो उभाच राहिला. मग गाडीच्या पायरीवर बसला, त्यांच्याकडे पाठ करून.

"तुमाला कसं कळलं?"

"दिव्याचं तोंड दक्षिणेला होतं. देवाचा दिवा असा कुणी लावत नाही, आणि करणीवाल्याला दिशेशी देणंघेणं नसतं. पीठ सपाट केलेलं, वर दुरडी झाकलेली. गेलेल्या माणसाचा दिवा आहे तो. तो लावतात जिथं प्राण गेला तिथं. म्हणजे या गाडीत कुणाचा तरी प्राण गेला. पीठ बाजरीचं, सुदुंबऱ्याकडचं. मीटरवर सत्तर मैल, सुदुंबऱ्याला जाऊन-येऊन होतात तेवढे. आणि तू सुतकात कामावर आलास, कारण दिवा दहा दिवस लावायचा आणि गाडी इथं."

त्यानं दुरडी काखेतून काढून पायाशी ठेवली.

"घरी सासूनं लावलाय दिवा," तो म्हणाला. "पर हिरा तितं न्हाई गेली. हितं गेली. मग तिकडं दिवा लावून तिला कसा दिसंल?"

"शेठना सांगायचं होतंस."

"मालकीनीच्या सीटवर माझी बायको मेली म्हनून सांगू? नोकरी ऱ्हायली असती?"

बाहेर चिमाबाई कोंबड्या डालत होती, तिचं त्यांना शिव्या देणं ऐकू येत होतं. हनुमंतानं पणती पेटवली नाही. हातात धरून ठेवली.

"तीन दिस ताप व्हता तिला. ट्रायलला निघालो, म्हनलं कामशेतपर्यंत जायचं, तसाच फुडं जाऊ, बघून येऊ. बसली व्हती ओसरीत. म्हनली, अंग भाजतंय. म्हनलं, चल तळेगावला डाक्टरकडं, गार गाडीतनं. आपल्या पायांनी चालत आली, मावशी. हितं बसली, पदर डोक्यावर घेतला आन म्हनती, ड्रायव्हर, चला. शेठानी झाली व्हती." त्यानं पणतीची वात सारखी केली. "घोरावाडीच्या फाटकात अडकलो. मालगाडी फुडं-मागं करत व्हती. अर्धा तास. मी आरशात बघत व्हतो. तिनं एकदा काचंवर हात ठिवला. मला वाटलं, गार लागतंय म्हनून दाखवतीय. मी बी हात दाखवला. मग ती झोपली."

"फाटक उघडल्यावर?"

"तळेगावला पोचलो. दार उघडलं." त्यानं पणती खाली ठेवली. "गावात म्हनत्यात, तापात गार वारं लागलं म्हनून गेली. म्या नेली गार वाऱ्यात. म्याच नेली."

लीलाबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तापल्या माणसाला थंड वाऱ्यानं असं मरण येत नाही, हे त्यांना सांगायचं होतं. तोंड उघडलं तेवढ्यात तो म्हणाला,

"पर तोंड कसं व्हतं, मावशी. बाया म्हनल्या, अहेव मरन आलं, म्हनून तेज चढलंय. ओठ लाल, गाल लाल. कुंकू वेगळं लावायला नको इतकी. मेल्याली वाटतच नव्हती."

लीलाबाईंचा हात त्याच्या पाठीवर तसाच राहिला.

४

एकोणपन्नास साली, पावसाळ्यात, भांगरवाडीच्या एका बंगल्यावर माळी आणि माळीण दार-खिडक्या लावून, कोळशाची शेगडी उशाशी घेऊन झोपली होती. सकाळी लीलाबाई डॉक्टरांबरोबर गेल्या. दोघंही निजल्यासारखी. गाल गुलाबी, ओठ लाल. शेजारणी म्हणत होत्या, किती सुखाचं मरण. डॉक्टरांनी न बोलता खिडकी उघडली होती. कोंडलेल्या धुराच्या विषानं मेलेल्या माणसाचं रक्त असंच तांबडं राहतं.

"हनुमंता," त्यांनी आवाज सरळ ठेवला, "मधली काच लावली होतीस?"

"दत्तोबा म्हनला व्हता. घट्ट लावली."

"मागच्या काचा?"

"त्या बी."

"तुझी खिडकी?"

"ती कशी लावनार? वळताना हात भाईर काढून दाखवाया लागतो."

"आणि फाटकात इंजिन?"

"चालू ठिवलं," तो म्हणाला. "बंद केलं की गार बंद. तिला बरं वाटत व्हतं."

लीलाबाई उठल्या. गाडीच्या मागं जाऊन डिकीखाली वाकल्या, पण अंधारात काही दिसलं नाही. हातानं चाचपलं. वर दोन भोकं, नळ्यांभोवती बोट जाईल एवढी फट. खाली, वीतभरावर, गंजून खरखरीत झालेला सायलेन्सर.

"काय झालं, मावशी?"

"काही नाही. लाव तू दिवा. आज कुणी काही म्हणणार नाही."

पोरानं पीठ पसरलं, तळहातानं सपाट केलं, दुरडी झाकली.

"पीठ रोज कशाला? ते पहिल्या रात्रीच बघतात ना, कसला पाय उमटतो, पुढचा जन्म कशाचा ते?"

"रोजच बघतो," हनुमंत म्हणाला. "कायबी उमटंना."

नाव सकाळी सांगते, असा शेठना निरोप ठेवून त्या घरी गेल्या आणि चूल न पेटवता ओट्यावर बसून राहिल्या. सगळं सांगितलं तर या पोराला कळणार, की त्यानं मायेनं चालू ठेवलेल्या इंजिनानं काय केलं. न सांगावं, नुसती करणीची भीती काढून टाकावी, तर सकाळी सातला त्याच सीटवर, त्याच बंद काचांमागे, आलूबाई बसणार. आणि घाटात मालमोटारींची रांग लागली की गाडी तासतास उभी राहते.

५

सकाळी सहाला त्यांनी शेठ, दत्तोबा आणि चिमाबाईला गॅरेजात गोळा केलं. हनुमंताला म्हणाल्या, इंजिन चालू कर आणि बाहेर ये. नारळाची शेंडी आणि धूप घातलेलं धुपाटणं चिमाबाईनं आणलं होतं. गाडीत कुणी नाही, मागच्या काचा बंद, मधली बंद, पंखा सुरू. लीलाबाईंनी धुपाटणं डिकीखाली सरकवलं.

"गाडीला धूप घालताय होय," चिमाबाई म्हणाली. "मी म्हनतच व्हते, करणी हाय."

"काचेतून बघ."

सगळे वाकले. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग सीटमागच्या जाळीतून एक पांढरी रेघ निघाली, वर चढली, छताला लागून पसरली. मग दुसरी. आलूबाईंची मखमली उशी हळूहळू दिसेनाशी झाली.

दत्तोबा गाडीखाली शिरला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा होता.

"सायलेन्सर जोडावर फुटलाय. बरोबर भोकाखाली," तो म्हणाला. "धूप न्हाई वढत पंखा. इंजनाचा धूर वढतो."

लीलाबाईंनी मग शेठना दिव्याचं सांगितलं, हिराचं सांगितलं, लाल गालांचं सांगितलं. हळू, एकेक. फरेदूनशेठनी डोक्यावरची टोपी चाचपली, उगाच सरळ केली.

"माझा आलू त्या जागेवर बसणार होता," ते म्हणाले. मग दत्तोबाकडे वळले. "पोलीस बोलवू?"

"नगा बलवू," हनुमंत म्हणाला. तो दाराशी उभा होता आणि त्यानं सगळं ऐकलं होतं. "त्यानं मुद्दाम न्हाई केलं."

दत्तोबा खाली बसला. हनुमंत पुढे आला, इंजिन बंद केलं. गॅरेजात एकदम शांत झालं. गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून त्यानं लीलाबाईंना विचारलं,

"गार वाऱ्यानं न्हाई गेली ना ती?"

"नाही."

"धुरानं गेली."

"हो रे."

तो ड्रायव्हर होता. धावत्या गाडीखालचा धूर मागं उडून जातो आणि उभ्या गाडीखाली साचतो, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. तो विचार त्याच्या डोळ्यांत येताना लीलाबाईंना दिसला, पाण्याखालून काहीतरी वर यावं तसा.

"फाटकात इंजन बंद केलं असतं तर, मावशी?"

दत्तोबानं मान वर केली. त्यालाही उत्तर माहीत होतं. रस्ताभर ती शुद्धीत होती, काचेवर हात ठेवण्याइतकी. जे झालं ते त्या अर्ध्या तासात झालं.

"तरी तेच झालं असतं," लीलाबाई म्हणाल्या. "विष आधीच भिनलं होतं. फाटकाच्या किती आधी."

हनुमंतानं दत्तोबाकडे पाहिलं. यंत्रातलं खरं-खोटं त्यालाच विचारायचं, ही तिथली रीत होती. फाटकाचं नाव घेतलं असतं तर दत्तोबाच्या डोक्यावरचं निम्मं ओझं त्याच क्षणी उतरलं असतं.

"व्हय," दत्तोबा म्हणाला. "मावशी म्हनत्यात तेच खरं. भोक पाडलं तवाच झालं ते. माझ्या हातनं झालं."

हनुमंतानं मान हलवली. बॉनेटवरचा हात काढला आणि धोतराला पुसला.

आलूबाई त्या दिवशी आगगाडीनं गेल्या. शेठनी हनुमंताला दहाव्यापर्यंत रजा दिली, आणि गाडी तोवर जागची हलणार नाही असं सांगितलं. चिमाबाईनं कुणी न सांगता स्वतःच्या डब्यातलं तेल गॅरेजात नेऊन ठेवलं.

"सासूला मला सांगवनार न्हाई," हनुमंत लीलाबाईंना म्हणाला. "तुमी याल?"

सुदुंबऱ्याला विठाबाई ओसरीत बसली होती, भिंतीला टेकून. लीलाबाईंनी सांगितलं, दोनदा सांगितलं. भोक, पंखा, धूर. म्हातारीला यंत्र कळलं नाही, पण जावयानं गार वाऱ्यात नेऊन मारली नाही एवढं कळलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, कितीतरी दिवसांनी पाहावं तसं. मग लीलाबाईंना विचारलं,

"जाताना तोंडात पानी पडलं का तिच्या?"

सगळ्यांना सगळं विचारून झालं होतं. काचा, मैल, पीठ, दिशा. हे विचारायचं लीलाबाईंना सुचलं नव्हतं. त्यांनी हनुमंताकडे पाहिलं. तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता.

"पडलं," त्या म्हणाल्या.

"कोनी घातलं?"

"हनुमंतानं. फाटकवाल्याकडून तांब्या मागून आणला. दोन घोट प्याली."

विठाबाई भिंतीला धरून उठली, आत गेली, माठातलं पाणी घेऊन आली.

"तुमी बी घ्या, बाई," ती म्हणाली. "उन्हाच्या आलात."

लीलाबाईंनी तांब्या तोंडाला लावला. पाणी गार होतं. पहिला घोट घशाखाली उतरवायला त्यांना फार वेळ लागला.